भुसावळच्या उन्हात फुल-फ्रेम: बॉडी, लेन्स आणि धुळीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. भुसावळला राहणारे हौशी छायाचित्रकार, पाच वर्षांपासून २४ मेगापिक्सेलचा क्रॉप-सेन्सर डीएसएलआर वापरतात, त्यावर १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्स. हाताशी दोन लाख रुपये आहेत. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा का, घेतला तर लेन्स कोणत्या, आणि आपल्याकडच्या धुळीत-उन्हात तो टिकेल का?

दुकानात जाण्याआधी एक मोजणी करा. मागच्या दोन वर्षांतले तुम्हाला आवडलेले फोटो संगणकावर काढा आणि आयएसओनुसार, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्यानुसार लावा. लाइटरूम, डिजिकॅम, कशातही हे होतं. आयएसओ १६०० किंवा त्याच्या वरचे फोटो पाव हिश्शाहून कमी निघाले तर फुल-फ्रेम बॉडीने तुमच्या फोटोंत फारसा फरक पडणार नाही, पैसे लेन्सवर घाला. निम्म्याच्या आसपास निघाले तर मात्र घ्या, कारण फुल-फ्रेमचा खरा फायदा तिथेच आहे.

तो फायदा किती, हे साध्या गुणाकाराने कळतं. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. १.५ पटीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, तेवढाच जास्त प्रकाश, म्हणजे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). क्रॉपवर आयएसओ ३२०० ला जितके दाणे दिसतात, साधारण तितकेच फुल-फ्रेमवर ७५०० च्या आसपास दिसतील, दोन्ही सेन्सर एकाच पिढीतले असतील तर. सव्वा स्टॉप ही चांगली कमाई आहे. मात्र एफ-आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, म्हणून हाच फरक एफ ४ ची लेन्स सोडून एफ २.८ ची घेतली तरी जवळजवळ मिळतो, आणि १८-५५ किट लेन्सच्या एफ ५.६ वरून ५० मिमी एफ १.८ वर गेलात तर तीन स्टॉपहून जास्त मिळतो. म्हणून ज्यांच्याकडे अजून ५० किंवा ३५ मिमीची एफ १.८ लेन्स नाही, त्यांनी आधी ती क्रॉप बॉडीवर सहा महिने वापरावी, असं माझं ठाम मत आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू अनेकांना बॉडी घेतल्यावर कळते. त्याच चौकटीत, त्याच एफ-आकड्यावर फुल-फ्रेमची स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, कमी असते. लग्नात तीन रांगांचा समूहफोटो क्रॉपवर एफ ४ ला सगळा नीट येतो, फुल-फ्रेमवर त्याला एफ ५.६ ते ६.३ लागतं. शटर तोच ठेवायचा तर आयएसओ सव्वा स्टॉप वाढवावा लागतो आणि कमावलेलं सगळं तिथेच खर्च होतं. म्हणजे खोली हवी असेल तिथे फायदा शून्य, आणि पार्श्वभूमी धूसर चालेल किंवा हवीच असेल तिथे पूर्ण फायदा.

ही खोली किती पातळ होते, तेही आकड्यात पाहा. फुल-फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.८, नवरी दोन मीटरवर: स्पष्ट पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा, फोकसबिंदूच्या पुढे ३ आणि मागे ३. डोळ्यावर फोकस केला तर नथ पट्ट्याच्या अगदी कडेला येते आणि कानातले झुबे पूर्ण विरघळतात. चेहरा थोडा वळलेला असेल तर दुसरा डोळाही जातो. एफ ४ ला हाच पट्टा १३ सेंटिमीटर होतो आणि नथ, डोळा, कुंकू सगळं बसतं. दागिने दिसायला हवेत अशा फोटोंना एफ ३.५ ते ४ ठेवा. १.८ साठी पैसे मोजले म्हणून प्रत्येक फोटो १.८ ला काढायचा, या मोहात लग्नाचे अर्धे फोटो मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो.

आता आपल्या भागात हा फायदा नेमका कुठे कामी येतो ते बघू. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावची राजवाडी होळी हे सगळ्यात चांगलं उदाहरण. रात्रभर नाच चालतो, होळी पेटते पहाटे, आणि चेहऱ्यांवर उजेड तेवढा आगीचा किंवा एखाद्या दिव्याचा. तिथे एफ १.८, १/१२५, आयएसओ ६४०० पासून सुरुवात करा. नाचणाऱ्यांचे पाय थांबवायचे असतील तर १/२५० आणि आयएसओ १२८००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, तो आगीची लाली धुऊन काढतो. ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर या वेळी उतरवा, कारण काळ्या आकाशात ज्वाळांची हिरवट प्रतिबिंबं त्या काचेतूनच येतात. फ्लॅश मारू नका. त्याने तो उजेड मरतो, आणि ज्यांचा सण आहे त्यांच्या डोळ्यांत झगझगाट करण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. जवळून चेहरा टिपायचा असेल तर आधी विचारा.

अजिंठ्यालाही तसंच. जळगावहून साधारण ६० किलोमीटर, लेण्यांत फ्लॅशला बंदी, आणि तिवईला परवानगी लागते. भिंतीवरची चित्रं हलत नाहीत, त्यामुळे इथे मोठ्या सेन्सरइतकाच बॉडीतल्या, हाताचा कंप भरून काढणाऱ्या स्थिरीकरणाचा उपयोग होतो. १/१५ ला हातात धरून तीन-चार फोटो सलग घ्या, त्यातला एक धारदार निघतोच. तिन्हीसांजेला कानबाई या खान्देशी देवीची पूजा मांडलेलं घर, जुन्या वाड्यातलं माजघर, मंडपातले रात्रीचे विधी हीसुद्धा फुल-फ्रेमची जागा.

उलट केळीच्या बागा, सारंगखेड्याचा घोडेबाजार, लळिंग किल्ला, तापीकाठची सकाळ हे सगळं भरपूर उजेडातलं काम आहे. वस्तू स्थिर आणि कॅमेरा तिवईवर असेल तरीही तेच, आयएसओ १०० ला दोन्ही सेन्सर तोडीस तोड. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून जी छायाचित्रं उभी केली, ती बघायला त्यांच्या घरातल्या कलादालनात एकदा जाऊन या. बॉडी घेण्याआधीचा तो सगळ्यात उपयोगी प्रवास ठरेल.

बॉडीबद्दल. तुमच्याकडच्या १८-५५ आणि ७०-३०० क्रॉपच्याच असतील तर त्या फुल-फ्रेमवर फुकट जातात असं नाही, पण जवळपास तसंच होतं. निकॉनच्या डीएक्स, म्हणजे क्रॉपच्या लेन्स फुल-फ्रेम बॉडीवर बसतात आणि कॅमेरा मधलाच भाग घेतो, २४ मेगापिक्सेलचे साडेदहा उरतात. कॅननच्या क्रॉपच्या ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. कॅननच्या आरएफ मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या बॉडीवर) अॅडॅप्टरने बसतात आणि २४ चे साडेनऊ उरतात. आणखी एक खाच: निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यामुळे जुन्या लेन्स निकॉन मिररलेसवर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडॅप्टरवर त्या फोकस हातानेच करू देतात. स्वस्तात मिळते म्हणून ५० मिमी १.८ डी घेऊन मिररलेसवर लावणारे इथेच फसतात. मोटर असलेली एएफ-एस घ्या. कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॅप्टरवर व्यवस्थित चालतात.

दोन लाखांत माझी शिफारस अशी: बॉडीवर निम्म्याहून जास्त घालू नका. वापरलेली चालत असेल तर २०१८ नंतरची २४ मेगापिक्सेलच्या आसपासची कोणतीही फुल-फ्रेम मिररलेस पुरे. जास्त मेगापिक्सेलच्या मागे लागलात तर हाताचा कंप आणि लेन्सचे दोष जास्त ठळक दिसतील, शिवाय साठवणीचा खर्च वाढेल. जुना फुल-फ्रेम डीएसएलआर, उदाहरणार्थ २०१४ चा डी७५०, हाही वाईट सौदा नाही: भर उन्हात काचेचा व्ह्यूफाइंडर स्वच्छ दिसतो आणि एका बॅटरीत हजारभर फोटो निघतात. त्या माउंटला (लेन्सच्या जोडणीला) नव्या लेन्स मात्र आता येत नाहीत, हे मान्य करून घ्या. मिररलेसला एका बॅटरीवर तीन-साडेतीनशे फोटो धरा. सातपुड्यातल्या गावात रात्र काढायची तर तीन बॅटऱ्या भरलेल्या हव्यात.

लेन्स दोनच. एक २४-१०५ किंवा २४-१२० एफ ४, आणि एक ५० किंवा ८५ एफ १.८. एफ २.८ चा झूम का नाही? किंमत आणि वजन दोन्ही वाढतं, आणि तुमचं अंधारातलं काम १.८ ची लेन्स त्याच्याहून सव्वा स्टॉप जास्त चांगलं करते. आपल्याकडे एफ ४ झूमचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे २४ पासून १०५ पर्यंत लेन्स न बदलता काम होतं, आणि न बदललेल्या लेन्समधून धूळ आत जात नाही.

जुनी क्रॉप बॉडी आणि ७०-३०० विकू नका. हतनूरच्या जलाशयावर थंडीत येणाऱ्या पक्ष्यांसाठी तीच जोडी बरी. त्याच ३०० मिमीवर, त्याच अंतरावरून २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर पक्ष्याच्या अंगावर फुल-फ्रेमच्या सव्वादोन पट पिक्सेल पडतात. फुल-फ्रेमवर तेवढंच मिळवायला ४५० मिमी लागेल, आणि ती लेन्स तुमच्या बजेटच्या बाहेर आहे.

लांबच्या लेन्सबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊनंतर काळ्या रानावरून किंवा डांबरी रस्त्यावरून ३०० मिमीने काढलेला लांबचा फोटो कधीच धारदार येत नाही. जमिनीलगतची तापलेली हवा हलत असते आणि प्रत्येक झळ प्रतिमा वाकवते. त्याला लेन्स, स्थिरीकरण, शटर काहीही जबाबदार नाही. लेन्स तपासायची असेल तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, तीस-चाळीस मीटरच्या आतल्या वस्तूवर तपासा. दुपारी तपासून चांगली लेन्स परत केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

उन्हातल्या सेटिंगबद्दल थोडंसं. लख्ख उन्हात आयएसओ १००, एफ १६, १/१०० हे मूळ गणित. त्याच उजेडात एफ १.८ वापरायचं तर शटर १/८००० लागतो. ज्या बॉडीची मर्यादा १/४००० आहे तिथे फोटो पांढरा पडेल. तीन स्टॉप प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर जवळ ठेवा किंवा एफ २.८ वर या. सारंगखेड्याला डिसेंबरात पांढरा घोडा उन्हात असेल तर मीटर त्याला राखाडी करतो. भरपाई अधिक ०.७ द्या आणि पांढरा रंग जळल्याची लुकलुक बघत राहा. धावता घोडा १/१००० ला थांबतो. पार्श्वभूमी ओढायची तर १/५० ला घोड्याबरोबर कॅमेरा फिरवा. फुफाटा उडाला की ऑटोफोकस घोडा सोडून धुळीलाच धरतो, तेव्हा मागोवा घेण्याची संवेदनशीलता एक-दोन पायऱ्या कमी करा.

केळीच्या बागेत वेगळीच अडचण. बाहेरून फोटो घेताना पानांचा मेणचट थर आकाश परावर्तित करतो आणि हिरवा रंग फिका दिसतो. पोलरायझर फिरवला की तो उजळपणा जातो, बदल्यात दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो. २४ मिमीवर मात्र पोलरायझर लावून आकाश घेऊ नका, एका बाजूला गडद पट्टा येतो. बागेच्या आत घड कापणाऱ्या माणसांचे चेहरे हिरवट येतात, कारण उजेड पानांतून गाळून आलेला असतो. तिथे पोलरायझरचा काही उपयोग नाही. चेहऱ्याजवळ पांढरा कागद धरून एक फोटो घ्या आणि पुढच्या सगळ्या फोटोंचा रंग त्यावरून लावा.

आता टिकण्याचा प्रश्न. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत कामाचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. जळगाव-भुसावळचा मे ४४-४५ वर जातो आणि काळी बॉडी उन्हात त्याहून जास्त तापते. फोटोंना सहसा काही होत नाही. व्हिडिओ, विशेषतः ४के, बंद पडू शकतो. दोन चित्रणांमध्ये कॅमेऱ्यावर पांढरं सुती उपरणं टाका, ओलं नाही, कोरडं. उभ्या गाडीत कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नका. आणि मिररलेस गळ्यात किंवा टेबलावर असताना व्ह्यूफाइंडरची काच सूर्याकडे राहू देऊ नका. ती काच भिंगाचं काम करते आणि आतला पडदा कायमचा भाजून पिवळा डाग पडतो. लेन्सवर झाकण हवं, तेही याच कारणाने: मिररलेसमध्ये सूर्य आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा नसतो.

बुरशी पावसाळ्यातच येते हा खान्देशातला सगळ्यात महाग पडणारा समज. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण आपण कॅमेरा ठेवतो त्या खोलीत कूलर चालू असतो! पाण्याच्या कूलरच्या खोलीत ओलावा सहज ६० टक्क्यांच्या वर जातो, खिडक्या बंद असतील तर आणखी. म्हणजे लेन्सला आठ महिने पावसाळाच. कूलर नसलेल्या खोलीत, हवाबंद डब्यात ठेवा. १० लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत, आणि आत एक छोटा ओलावामापक. काटा ४० ते ५० मध्ये हवा. सतत ३० च्या खाली ठेवू नका, रबर कडक होतं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा. उन्हात वाळवून ते पुरते कोरडे होत नाहीत. त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा, निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात नको. चामड्याच्या कव्हरात लेन्स साठवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये एसी गाडीतून उतरून लगेच पिशवी उघडली की काचेवर बाष्प धरतं. पिशवी बंद ठेवूनच २०-३० मिनिटं थांबा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ही अडचण सहसा येत नाही.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पुढून बघा. धुळीचे चार-दोन कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका, किती का स्वस्त असेना. काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर साफ करूनही डाग राहतो. सगळीकडे सारखा दुधी पडदा दिसला तर तो धूसरपणा, प्रकाशाकडे तोंड करून फोटो घेतला की कळतो. मग दूरची एकच पाटी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणून, प्रत्येक वेळी तिच्यावरच फोकस करून चार फोटो घ्या. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मऊ आला तर आतली काच सरकलेली आहे. बॉडीची शटर संख्या, म्हणजे आजवर किती फोटो काढले ते विचारा, आणि झाकण लावून आयएसओ १६०० ला ३० सेकंदांचा एक फोटो घ्या. रंगीत ठिपके दोन-चार चालतील, पुंजके नकोत. हे सावलीत करा, तापलेल्या बॉडीत ठिपके उगाच वाढतात. स्थिरीकरण असलेली बॉडी बंद असताना हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली तर घाबरू नका, अनेक बॉडींत सेन्सर मोकळाच असतो. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या.

धुळीचं शेवटी. लेन्स बदलायचीच असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेरा बंद करा, नव्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवा, बॉडीचं तोंड खाली, आणि चार-पाच सेकंदांत काम संपवा. यात्रेत तेही करू नका.

डाग बघायला पांढऱ्या भिंतीचा फोटो: आयएसओ १००, एफ १६, फोकस मुद्दाम बिघडवलेला, शटर एक-दोन सेकंद आणि तेवढ्यात कॅमेरा हलवायचा. भिंतीचे डाग पुसले जातात, सेन्सरचे तेवढे राहतात. एफ २.८ ला हेच डाग दिसत नाहीत, म्हणून पोर्ट्रेट काढणाऱ्याला ते महिनोन्‌महिने कळत नाहीत. काढायचे पहाटे. फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा-कूलर अर्धा तास बंद ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली, मेनूतून सेन्सर-सफाई निवडा, तोंड खाली धरून हातपंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण चिकटतात. डब्यातली दाबाची हवाही नको. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर फुल-फ्रेमसाठी २४ मिलिमीटरचा स्वॅब (सेन्सर पुसायची सपाट काडी) घ्या, क्रॉपचा १६ चा नको, मध्ये रेघ राहते. द्रवाचे दोन थेंब, जास्त नाहीत. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता एकच फेर, स्वॅब उलटा करून परत एक, आणि तो स्वॅब टाकून द्या. उन्हाळ्यात द्रव फेराच्या मध्यावरच उडून जातो आणि पट्टे राहतात, म्हणूनच वेळ पहाटेची. पुन्हा भिंतीचा फोटो घेऊन बघा. कोपऱ्यात एखादा ठिपका राहिला असेल तर राहू द्या, तो फोटोतून काढायला दोन सेकंद लागतात.